गरम पाण्यालाच वास का येतो?

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघालात, तर देहूरोड मागे पडल्यावर बेगडेवाडी हे छोटेसे स्थानक लागते. त्यानंतर घोरावडी आणि मग तळेगाव. हा सगळा मावळचा भाग. पावसाळ्यात इथे डोंगरांवरून पाणी नुसते धो धो वाहते. पण घरात वापरायचे पाणी बारा महिने हवे असते. म्हणून नळाच्या पाण्याबरोबर विहीर किंवा विंधनविहीर यांचाही आधार मावळात अनेक घरे घेतात.

समजा, अशाच एका विहिरीवरच्या घरात पुण्याहून एक कुटुंब राहायला आले. येताना त्यांनी आपला विजेचा गिझर बरोबर आणला. पुण्यात तो काही वर्षे बिनतक्रार चालला होता. इथे बसवून महिना झाला नाही, तोच एके सकाळी गरम पाण्याचा नळ सोडताच न्हाणीघरात नासक्या अंड्यासारखा वास सुटला. थंड पाण्याचा नळ सोडून पाहिला; वास नाही. विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढून पाहिले. त्यालाही वास नाही. मग घरात मते सुरू झाली. आजी म्हणाल्या, विहिरीत काहीतरी पडून मेले असणार, विहीर उपसा. शेजारचे काका म्हणाले, गिझर जुना झाला, नवा घ्या. नळ दुरुस्त करणारा म्हणाला, पाइप आतून खराब झालेत, सगळे बदलू. तिन्ही उपायांना पैसे लागतात, आणि तिन्ही केले तरी वास जाईलच असे नाही. नवा गिझर घेतला तर तो उलट वाढण्याचाच संभव अधिक! असे का, ते पाहायचे तर आधी हा वास कशाचा ते ठरवायला हवे.

वासाचा धनी

नासक्या अंड्याला वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड या वायूमुळे. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील प्रथिनांमध्ये गंधक असतो. अंडे नासले की त्या गंधकाचा हायड्रोजनशी संयोग होऊन हा वायू तयार होतो. अंडे चांगले असले तरी ते फार वेळ उकडले, तर पिवळ्या बलकाभोवती हिरवट-काळसर कडे दिसते, ते तुम्ही पाहिले असेल. तेही याच वायूचे काम. पांढऱ्या भागातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड पिवळ्या भागातील लोहाला भेटतो आणि आयर्न सल्फाइड बनते. धातूंशी जुळण्याची या वायूला मोठी हौस. चांदीची जोडवी, पैंजण, ताटवाटी काळी पडतात त्याचेही कारण हवेतला असाच थोडासा गंधकयुक्त वायू होय.

आपले नाक या वायूच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. एक लिटर पाण्यात ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम एवढा हायड्रोजन सल्फाइड असला तरी तो नाकाला कळतो. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग, आणि त्याचाही दहावा-विसावा भाग! भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच आहे. म्हणजे वास आला की समजावे, मर्यादा ओलांडली गेली आहे.

पण या नाकावर फार विसंबूही नये. थोडा वेळ त्या वासात राहिले की नाक त्याला सरावते आणि वास गेल्यासारखे वाटते. म्हणून वास आहे की नाही हे ठरवायला, नुकत्याच बाहेरून आलेल्या माणसाला बोलवावे. आणि वायूचे प्रमाण फार वाढले, तर तो गंधाची जाणीवच बधिर करून टाकतो. मैलागटारात किंवा जुन्या बंद विहिरीत उतरलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांत पुष्कळदा या वायूचा हात असतो. न्हाणीघरातल्या नळातून येणारे प्रमाण त्या मानाने अगदीच किरकोळ असते. तरीही खिडकी उघडी ठेवणे बरे.

पातेल्याची कसोटी

आता एक प्रश्न. वायू मुळात विहिरीच्या पाण्यातच विरघळलेला असेल आणि थंड पाण्यातून तो बाहेर पडत नसेल, तर? सोड्याची बाटली थंड असताना उघडली तर थोडी फसफसते, कोमट असताना उघडली तर उतू जाते. पाणी तापले की त्यात वायू कमी मावतो. हायड्रोजन सल्फाइडही त्याला अपवाद नाही. मग गिझर बिचारा केवळ दडलेला चोर उघडकीस आणत असेल!

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर स्वयंपाकघरातच मिळते. थंड पाण्याच्या नळाचे पाणी एका स्वच्छ स्टीलच्या पातेल्यात घ्या. झाकण ठेवून ते अंघोळीच्या पाण्याइतके तापवा. झाकण किंचित सरकवून लगेच वास घ्या. वास आला, तर वायू विहिरीच्या पाण्यातच आहे. वास आला नाही, तर वायू गिझरमध्ये तयार होत आहे. एवढी साधी कसोटी, पण ती न करता लोक विहीर उपसायला लागतात.

समजा, आपल्या बेगडेवाडीच्या घरात पातेल्यातल्या पाण्याला वास आला नाही. म्हणजे कारखाना गिझरच्या आत आहे. कारखाना म्हटला की कामगार हवेत, कच्चा माल हवा आणि शक्ती हवी. ही तिन्ही एकेक करून शोधू.

कामगार आणि कच्चा माल

कामगार आहेत जीवाणू. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे काम करणाऱ्या मार्टिनस बायरिंक या शास्त्रज्ञाने १८९५ साली सल्फेटपासून सल्फाइड बनवणारा जीवाणू प्रथम वेगळा करून दाखवला. आज अशा जीवाणूंच्या पुष्कळ जाती माहीत आहेत. त्यांतील सर्वांत परिचित गटाला डिसल्फोव्हिब्रिओ म्हणतात. आपण श्वासावाटे प्राणवायू घेतो आणि त्याच्या साहाय्याने अन्नातली शक्ती मिळवतो. हे जीवाणू प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात. एका अर्थी ते सल्फेटचा ‘श्वास’ घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड ‘सोडतात’. प्राणवायू असेल तिथे त्यांचे काम चालत नाही. म्हणून ते चिखलात, गाळात, तळाशी, कोंडलेल्या जागी राहतात.

मुंबईच्या किंवा ठाण्याच्या खाडीकाठून ओहोटीच्या वेळी गेलात, तर काळाकुट्ट चिखल दिसतो आणि ओळखीचा वास येतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, आणि चिखलात प्राणवायू नाही. तिथे या मंडळींचे राज्यच असते. चिखल काळा दिसतो तोही आयर्न सल्फाइडमुळे. म्हणजे उकडलेल्या अंड्यातले कडे आणि खाडीचा चिखल यांचा रंग एकाच पदार्थाचा!

मावळात समुद्र नाही. इथला खडक म्हणजे दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थरावर थर साचून तो बनला. त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या, सच्छिद्र थरांतून पाणी विहिरीत झिरपते. अशा पाण्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअम व बायकार्बोनेट यांचा भरणा असतो. सल्फेट सहसा फार नसते. पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फेट चालते असे मानक सांगते. विहिरीत त्याच्या दशांशही नसेल. मग कच्चा माल पुरेल का?

हिशोब करून पाहू. आपला गिझर १५ लिटरचा. वास यायला लिटरला ०.१ मिलिग्रॅम धरले, तर एकूण १.५ मिलिग्रॅम हायड्रोजन सल्फाइड हवा. हायड्रोजन सल्फाइडचा रेणुभार ३४ आणि सल्फेटचा ९६. गंधकाचा अणू दोन्हींत एकेकच. म्हणून १.५ ला ९६ ने गुणून ३४ ने भागले की लागणारे सल्फेट मिळेल. ते येते सुमारे ४.२ मिलिग्रॅम. साऱ्या टाकीत एवढेच! लिटरला ०.३ मिलिग्रॅमही नाही. एवढे सल्फेट नसलेली विहीर शोधून सापडणे कठीण. शिवाय शेतात घातलेले अमोनिअम सल्फेटसारखे खत आणि घरातले सांडपाणी यांतूनही ते झिरपत असते.

शक्ती कोण पुरवतो?

ही या कथेतली सर्वांत मजेदार बाजू आहे. सल्फेटपासून सल्फाइड बनवायचे तर जीवाणूला अन्न हवे. विहिरीच्या स्वच्छ पाण्यात सेंद्रिय द्रव्य फारसे नसते. मग गिझरमध्ये त्यांना खाऊ घालतो कोण?

याचे उत्तर गिझर बनवणाऱ्यानेच आत ठेवलेले असते. गिझरची टाकी पोलादी असेल, तर ती गंजू नये म्हणून आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो. पण मुलाम्याला कुठे ना कुठे बारीक चीर राहतेच. त्या चिरेतून गंज लागू नये म्हणून टाकीत मॅग्नेशिअमची एक दांडी बसवतात. तिला इंग्रजीत अॅनोड रॉड म्हणतात. पोलाद आणि मॅग्नेशिअम एकमेकांना जोडून पाण्यात ठेवले की एक विजेचा घटच तयार होतो. त्यात मॅग्नेशिअम झिजते आणि पोलाद वाचते. स्वतः झिजून दुसऱ्याला राखणारी म्हणून तिला ‘त्यागी दांडी’ म्हणायला हरकत नाही.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडच्या लढाऊ जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि ते समुद्राच्या पाण्याने झिजत. १८२४ साली सर हम्फ्री डेव्ही यांनी दाखवले, की तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले तर ते तुकडे झिजतात आणि तांबे शाबूत राहते. प्रयोग उत्तम साधला. पण नंतर असे आढळले, की जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू लागले आहेत! पूर्वी थोडेथोडे विरघळणारे तांबे या जीवांना विषासारखे बाधत होते. तांबे विरघळायचे थांबले आणि त्यांना रान मोकळे झाले. जहाजांचा वेग मंदावला, आणि डेव्हीसाहेबांचे तुकडे काढून टाकावे लागले. गंज थांबवायला गेले आणि जीवसृष्टीला आमंत्रण दिले. आपल्या गिझरमध्येही हुबेहूब हेच घडते, फक्त मार्ग वेगळा आहे.

मॅग्नेशिअमची पाण्याशी क्रिया होते, तेव्हा मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड बनते आणि हायड्रोजन सुटतो. त्याच वेळी पोलादाच्या उघड्या पृष्ठभागावर पाण्यातला प्राणवायूही संपत जातो. म्हणजे दांडी दोन्ही बाजूंनी जीवाणूंची सोय करते. नको असलेला प्राणवायू काढून घेते आणि हवा असलेला हायड्रोजन पुरवते. हे जीवाणू हायड्रोजन खातात हे केंब्रिजच्या मार्जरी स्टीफन्सन आणि स्टिकलंड यांनी १९३१ साली सिद्ध केले. या स्टीफन्सनबाईंना पुढे १९४५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्या संस्थेने सदस्य म्हणून निवडलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक. क्रिया थोडक्यात अशी:

सल्फेट + हायड्रोजन → हायड्रोजन सल्फाइड + पाणी

एका सल्फेटला हायड्रोजनचे चार रेणू लागतात, आणि मॅग्नेशिअमचा प्रत्येक अणू हायड्रोजनचा एक रेणू सोडतो. म्हणजे एका सल्फेटमागे मॅग्नेशिअमचे चार अणू. मॅग्नेशिअमचा अणुभार २४. चार अणूंचा ९६. सल्फेटचा भारही ९६! तेव्हा १.५ मिलिग्रॅम वायूसाठी जितके सल्फेट, तितकेच मॅग्नेशिअम, म्हणजे ४.२ मिलिग्रॅम लागते. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोयीचा. दांडी १०० ग्रॅमची धरली, तर ती अशा तेवीस हजारांहून अधिक टाक्या नासवण्याइतका हायड्रोजन पुरवू शकेल. प्रत्यक्षात सगळाच हायड्रोजन जीवाणूंच्या तोंडी पडत नाही, पण तुटवडा नक्कीच नाही.

आता नव्या गिझरचे कोडे उलगडले ना? जुन्या गिझरमधली दांडी झिजत आलेली असते. नव्यातली अखंड, ताजी आणि जोमाने हायड्रोजन सोडणारी.

हाच गिझर पुण्यात का गप्प होता?

कारण महापालिकेच्या पाण्यात क्लोरिन घातलेले असते आणि ते घरच्या नळाशी पोहोचेपर्यंत थोडेसे शिल्लक राहावे, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम, अशी अपेक्षा असते. एवढे क्लोरिन या जीवाणूंचा जम बसू देत नाही. घरच्या विहिरीत ते कोण घालणार? दांडी तीच, टाकी तीच; पण पहारेकरी गेला.

दुसरे कारण तपमानाचे. यांतील बहुतेक जीवाणूंना २५ ते ४० अंश सेल्सिअसची ऊब मानवते. ६० अंशांना ते तग धरत नाहीत. काही थोड्या जाती मात्र त्याहून अधिक तपमानातही वाढतात. गिझर वरच्या भागात ६० अंश दाखवत असला, तरी तापवणाऱ्या कांडीखालचे पाणी कोमटच राहते, कारण गरम पाणी हलके होऊन वर जाते. याच तळाशी गाळ आणि क्षार साचतात. मावळचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड, त्यामुळे क्षारही भरपूर. कोमट, कोंडलेला, गाळाचा तळ. म्हणजे खाडीच्या चिखलाची छोटी आवृत्तीच.

छतावरच्या सौर बंबात हे आणखी स्पष्ट दिसते. त्याच्या टाकीतही बहुधा मॅग्नेशिअमची दांडी असते. उन्हाळ्यात पाणी चांगले कढत होते. पण जुलै-ऑगस्टमध्ये मावळात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. टाकी तीस-पस्तीस अंशांवर घुटमळते आणि वास सुरू होतो. लोणावळ्याकडचे जे बंगले आठवडेच्या आठवडे बंद असतात, त्यांचीही हीच कथा. मुंबईहून मालक येतात, नळ सोडतात आणि नाक धरतात. अशा बंद घरात आणखी एक धोका असतो. साठलेला हायड्रोजन ज्वालाग्राही आहे. घर दोन आठवड्यांहून अधिक बंद असेल, तर आधी खिडक्या उघडाव्या, जवळपास दिवा, उदबत्ती, गॅस काही पेटवू नये आणि गरम पाण्याचा नळ काही मिनिटे वाहू द्यावा.

आणि आजीच्या काळचा तांब्याचा बंब? त्याला कधी असा वास आल्याचे कोणी सांगत नाही. मधल्या नळीत बंबफोड पेटवायची, पाणी कढत व्हायचे, घंगाळात काढायचे आणि लगेच वापरून संपायचे. पाणी मुरत पडायला वेळच नसे. मॅग्नेशिअमची दांडी त्यात नव्हती. वर तांबे स्वतःच जीवाणूंना बाधते, आणि चुकून थोडा हायड्रोजन सल्फाइड झालाच तर त्याचे काळे कॉपर सल्फाइड बनून तो भांड्यालाच चिकटतो. चिंचेने घासताना निघून जातो. बंब लाकूड खात असे, धूर करत असे, हे खरे. पण या एका परीक्षेत तो गिझरला हरवतो.

जाता जाता नावाची गंमत. ‘गिझर’ हा शब्द आइसलंडमधील ‘गेसिर’ या उसळत्या गरम झऱ्याच्या नावावरून आला. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉन याने पाणी तापवण्याचे गॅसचे यंत्र बनवले आणि त्याला हे नाव दिले. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथे भूगर्भातील उष्णतेवर तापलेले पाणी घरोघर नळाने येते, आणि त्या गरम पाण्याला हाच गंधकी वास असतो! तिथे तो खपवून घेतात, कारण हायड्रोजन सल्फाइड पाण्यातला प्राणवायू संपवतो आणि पाइप गंजत नाहीत. आपल्याकडेही तानसा नदीकाठच्या अकलोली, गणेशपुरीपासून राजापूरजवळच्या उन्हाळ्यापर्यंत कोकणात गरम पाण्याचे झरे आहेत. तिथली उष्णता जमिनीच्या पोटातून वर येते. घरच्या विहिरीचे पाणी थंड आहे, वास फक्त गिझरमागे लपला आहे, म्हणून त्या झऱ्यांशी त्याचे नाते जोडू नये.

वास घालवायचा कसा?

पुढची कामे मोठ्या माणसांची. मुलांनी हिशोब करावा आणि लक्ष ठेवावे. विजेचा मुख्य खटका बंद केल्याशिवाय गिझरला हात लावू नये.

पहिले काम विहिरीचे, कारण जीवाणू तिथून येतात. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ५ मीटर असेल, तर पाणी किती? ३.१४ गुणिले ४ गुणिले ४ गुणिले ५, भागिले ४, म्हणजे ६२.८ घनमीटर, अर्थात ६२,८०० लिटर. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर म्हणतात, दर हजार लिटरला २.५ ग्रॅम लागते. आपल्या विहिरीला सुमारे १५७ ग्रॅम. ती तशीच फेकायची नाही. एका बादलीत १०० ग्रॅमहून जास्त नको. आधी थोड्या पाण्यात कालवून पातळ लगदा करायचा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचे आणि पाच-दहा मिनिटे ठेवायचे. चुन्याचा गाळ खाली बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडायची व वरखाली हलवायची. चुना विहिरीत टाकू नये. पाणी आणखी जड होते. रात्री घातले तर उत्तम. निदान तासभर तरी पाणी वापरू नये.

मग गच्चीवरची टाकी घासून, तळाचा गाळ काढून धुवायची. वास हट्टी असेल तर टाकीला जास्त मात्रा देतात. हजार लिटरला १५० ग्रॅम पावडरीचे निवळ पाणी घातले, तर लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरिन होते. ते गिझरसह सर्व नळांतून, क्लोरिनचा वास येईपर्यंत खेळवायचे आणि रात्रभर कोंडून ठेवायचे. त्या वेळात ते पाणी प्यायचे नाही, त्याने अंघोळ करायची नाही, गिझर चालू करायचा नाही. सकाळी सगळे सोडून देऊन ताज्या पाण्याने वास जाईपर्यंत धुवायचे. या पावडरीजवळ संडास साफ करण्याचे आम्ल कधीही नेऊ नये. विषारी क्लोरिन वायू सुटतो.

क्लोरिन दोन कामे करते. जीवाणू मारते आणि असलेल्या वायूचे पुन्हा सल्फेट करते. १ मिलिग्रॅम हायड्रोजन सल्फाइडला त्यासाठी सुमारे ८.३ मिलिग्रॅम क्लोरिन खर्ची पडते. मात्र सल्फेट म्हणजे पुन्हा कच्चा मालच! जीवाणू मेले नाहीत, तर चक्र पुन्हा सुरू. म्हणून गिझरचा तळ उघडून गाळ काढायला हवा. त्यानंतर तपमानाचे बटण वाढवून पाणी काही तास ६० ते ७० अंशांवर ठेवायचे आणि प्रत्येक गरम नळातून ते वाहू द्यायचे. जादा दाब सोडणारी झडप चालू आहे ना, हे आधी तपासावे. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. घरात लहान मूल किंवा आजोबा-आजी असतील तर नळाशी आधी सगळ्यांना सांगून ठेवायला हवे.

एवढे करूनही महिन्याभरात वास परतला, तर दांडी बदलावी. मॅग्नेशिअमऐवजी अॅल्युमिनिअम व जस्ताच्या मिश्रधातूची दांडी घालतात. ती हायड्रोजन कमी सोडते. काही जण दांडी काढून भोक बुजवून टाकतात. वास जातो खरा, पण त्यागी गेला की पोलादाची पाळी येते आणि टाकी लवकर गळू लागते. माझ्या मते हा सर्वांत महागडा ‘स्वस्त’ उपाय. कोणती दांडी चालेल ते त्या गिझरच्या कारागिरालाच विचारावे.

पातेल्यातल्या पाण्यालाही वास आला तर

मग गोष्ट गंभीर आहे आणि आजींचे म्हणणे खरे असू शकते. विहिरीजवळ संडासाची टाकी, उकिरडा, गोठ्याचे सांडपाणी आहे का, पाण्याचा रंग बदलला का, हे पाहावे आणि पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत अशी तपासणी होते. तोवर पाणी उकळूनच प्यावे.

गंमत अशी, की दूषित पाणी ओळखायलाही हाच वायू उपयोगी पडतो. मंजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी १९८२ साली एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. गंधकाचे संयुग, लोहाचे क्षार आणि जीवाणूंचे खाद्य लावून वाळवलेला कागद एका निर्जंतुक बाटलीत असतो. तीत पाणी भरून ती उबेत ठेवायची. मैल्याबरोबर येणारे जीवाणू पाण्यात असले, तर ते हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि त्याचे लोहाशी संयुग होऊन पाणी काळे पडते. हे जीवाणू गिझरवाल्यांहून वेगळे. तेव्हा या बाटलीत गरम नळाचे पाणी भरू नका. त्यात वायू आधीच असतो आणि बाटली उगीच काळी होईल. नमुना विहिरीचा घ्यावा.

करून पाहा

काचेच्या तीन सारख्या बरण्या घ्या. तळ्याकाठचा किंवा ओढ्याचा काळसर चिखल प्रत्येकीत निम्म्यापर्यंत भरा. पहिलीत वेगळे काही घालू नका. दुसरीत वर्तमानपत्राचे बारीक तुकडे कालवा. तिसरीत कागदाचे तुकडे आणि दोन चमचे खडूची पूड कालवा. शाळेतला खडू बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शिअम सल्फेटचा असतो. तिन्हींत वर चार बोटे पाणी ठेवा, झाकणे सैल लावा आणि उन्हापासून दूर, हवेशीर पडवीत ठेवून द्या. चिखल हाताळल्यावर हात साबणाने धुवा. बरण्या उघडायच्या तर घराबाहेरच, आणि नाक थेट तोंडाशी न नेता. दर आठवड्याला काचेतून पाहून कोणत्या बरणीत काळे डाग आधी दिसले, कोणत्या थरात दिसले आणि पाण्यालगतचा वरचा पातळ थर कोणत्या रंगाचा राहिला, ते तारखेसह वहीत लिहा.